हरण्या मागे सरतो

इंदापूर
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९३७

माझा पियानोचा तुकडा संपला एकदाचा! चार वर्षं आणि दोन चष्मे लागले. वाजवायला लागतात साडेतीन मिनिटं – बोटं आखडली असतील तर चार.

नाव ठेवलं आहे ‘इंदापूरची सकाळ’. हे कालव्याच्या खात्यातून इथे बदलून आले तेव्हा मला वाटलं होतं, या गावात सकाळ सोडली तर काही नाही. पुढे हे गेले. घर राहिलं, विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने विकलेला हा पियानो राहिला, आणि मी. पियानोच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या आहेत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, याला तहान लागते का?

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

नक्कल करून शिरीनला पाठवली. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. ती आता पुण्यात मुलींना पियानो शिकवते. दर एप्रिलात तिच्या दिवाणखान्यात बायका जमतात आणि वाजवतात. नियम एकच – आणि तो तिनेच केलेला – स्वतः रचलेलंच वाजवायचं. चार वर्षं ती बोलावते आहे. चार वर्षं मी लिहिते, ‘अजून थोडं राहिलंय.’ यंदा ही सबब संपली.

मोटारीच्या टपालाची पिशवी बारामतीकडे गेली तशी धावत जाऊन पाकीट परत मागावंसं वाटलं. या वयात धावणं शोभत नाही, म्हणून तुकडा पुण्याला पोचेल.

शनिवार, २० फेब्रुवारी

शिरीनचं पत्र. घेतला! अकरा एप्रिलला मी वाजवायचं. लिहिते, ‘मधलं ठीक आहे. पण तुझी शेवटची ओळ! इतकी लांब ओढून ती अशी मागे वळते की अंगावर काटा येतो. ही तुला सुचली कुठून?’

पत्र चार वेळा वाचलं. ‘मधलं ठीक आहे’ हे फक्त एकदा. आता रोज सकाळी सराव करायचा. दुपारभर कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवलं. सत्तावन्न पूर्ण होतील आता.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

शेजारच्या मळ्यातले गेणबा आणि प्रयागबाई आले होते. गेणबा ओसरीच्या कडेला उभाच. बोलायला प्रयागबाईच पुढे.

“बाई, राग धरू नगा. तुमी सकाळच्या पारी वाजवता न्हवं, तवा आमचा हरण्या मागं सरतोय.”

“मागे म्हणजे?”

“मोट निम्म्यावर आलेली असती, आन् ह्यो मागं मागं,” गेणबा म्हणाला. “त्येचं बघून दुसरा बी मागं. समदं पानी परत हिरीत. तीन दिस झालं, वांग्याला पानी न्हाय.”

मी म्हटलं, बैलांना पियानोची भीती वाटत असेल.

“भ्या कसलं? खुशीत सरत्यात की!” प्रयागबाई म्हणाली.

सकाळी वाजवणार नाही असं कबूल केलं. पण खोटं कशाला लिहू, मनातून फुगले. चार वर्षांत माझं ऐकून कुणी जागचं हललं असेल तर तो हरण्या.

मंगळवार, २ मार्च

आपला श्रोता पाहावा म्हणून सकाळी विहिरीवर गेले. तिथे बसून कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीतून ऐकायची तेवढंच – रोज, चहाच्या वेळी, चौदा वर्षं.

गेणबा नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसून बैल उताराला लावतो आणि गातो. कातड्याची मोट वर येते, थारोळ्याच्या दगडी कुंडीत पाणी सांडतं. मग तो शेवटचा सूर लांब ओढतो आणि खाली सोडतो, की बैल आपणहून मागे सरत चढ चढतात. मोट पुन्हा विहिरीत.

तो लांब ओढलेला सूर म्हणजे माझी शेवटची ओळ.

सुरास सूर. एकही कमीजास्त नाही. हरण्याला ते पहिल्या दिवशी कळलं. मला चार वर्षांत कळलं नाही.

बुधवार, ३ मार्च

पियानोला कुलूप.

शनिवार, ६ मार्च

नवी शेवटची ओळ करायला बसले. सात केल्या. साती पाहुण्यांसारख्या – उठायचं कधी ते त्यांना कळत नाही.

मग वाईट खोड लागली. जुन्या तुकड्यातली एकेक ओळ धरून विचारू लागले, बाई, तू कुणाची? पहिली निघाली शाळेतल्या सकाळच्या प्रार्थनेची. सिस्टर अ‍ॅग्नेस पेटीवर सूर द्यायची, हिवाळ्यात तिची बोटं निळी व्हायची. दुसरी पुण्याच्या पलटणीच्या बँडची. वडिलांचं बोट धरून उभी राहून ऐकलेली. सातवी-आठवी तर शिरीनच्याच बोटांच्या कसरतीतल्या, शेजारी बसून रोज ऐकलेल्या. तिला ओळखू आल्या नाहीत, म्हणजे आम्ही दोघीही म्हाताऱ्या झालो.

मधल्या चार ओळींना मात्र कुणी वाली सापडला नाही. त्या माझ्या असाव्यात. वाजवताना मी स्वतःच त्या उरकून टाकते.

बुधवार, १० मार्च

एक मन म्हणतं, गप्प बस. गेणबा काही शिरीनच्या दिवाणखान्यात जायचा नाही. हरण्याही नाही. शिवाय ही चाल सगळ्याच मोटांवर गात असतील. मग ती कुणाचीच नाही.

एवढं खात्रीचं करून घ्यावं म्हणून मळ्यात गेले. विचारलं, “गेणबा, ही चाल इकडे सगळेच गातात ना?”

“न्हाय वो. ज्येची त्येची येगळी. शेळगावच्या माझ्या मेव्हन्याची ऐकाल तर हसाल. हरण्या वासरू होता तवा मी ही बशीवली, त्येच्या चालीवर. दुसऱ्याच्या गान्यावं त्यो पाय उचलत न्हाय.”

“मला बी कदी गाऊन दावली न्हाय,” वांगी खुडता खुडता प्रयागबाई म्हणाली. “बैलाचं कवतिक. मी काय, घरचीच.”

“तुला कुटं मागं सरायचं असतं?” गेणबा म्हणाला.

सगळी आशा गेली. मी सांगून टाकलं – तुमचं गाणं मी घेतलं, वर माझं नाव घालून पुण्याला पाठवलं.

गेणबाने डोईचं पागोटं सारखं केलं. “घ्या की. त्येला काय इचारायचं? फकस्त पानी चालू असताना वाजवू नगा.”

प्रयागबाईने ओटीत वांगी घातली. गुन्हेगाराला वर भेट.

सोमवार, १५ मार्च

शिरीनला खरं लिहिलं. पाच कागद फाडले. पहिल्यात मी फार थोर दिसत होते, दुसऱ्यात फार बिचारी. शेवटी चारच वाक्यं: शेवटची ओळ माझी नाही. शेजारचे गेणबा मोटेवर गातात, त्यांनी रचली आहे. मी नकळत घेतली. नाव खोड.

सातव्या-आठव्या ओळीबद्दल लिहिलं नाही. एका पत्राला एवढा खरेपणा पुरे.

गुरुवार, २५ मार्च

शिरीनचं उत्तर. प्रेमाने लिहिलं आहे, म्हणून जास्त लागलं. ‘नियम मीच केला, मीच कसा मोडू? ती ओळ काढून उरलेलं वाजव. नाहीतर नुसती ऐकायला ये, पुढची खुर्ची तुझी.’

उरलेलं! ती ओळ काढली की उरतं काय – प्रार्थना, पलटण, शिरीन आणि चार अनाथ ओळी. त्यांच्यासाठी बारामतीपर्यंत मोटार, दौंडपर्यंत छोटी गाडी, पुढे मोठी गाडी? नाही जायचं. लुगडं घडी करून ठेवलं.

रविवार, ११ एप्रिल

आता तिथे बायका जमल्या असतील. मी पापड वाळत घातले. पियानोवर. उन्हाची तिरीप नेमकी तिथेच येते.

संध्याकाळी प्रयागबाई डोकावली. “वाजवायचं सोडलं व्हय? मळ्यात लई सुनं वाटतंय.” म्हटलं, तुमच्याच बैलांसाठी. ती म्हणाली, “बैल सांजचं सुटल्यालं असत्यात की.” ती गेल्यावर पापड उचलले, पण झाकण उघडलं नाही.

बुधवार, १४ एप्रिल

सकाळी चहा घेत होते. गेणबाची मोट चालू झाली. गाणं आज लांबलं होतं. तो लांब सूर येण्याआधी त्याने काहीतरी नवं घातलं होतं आणि बैल निमूट उतार चालत होते. मी पेला खाली ठेवला. माझ्या त्या मधल्या चार ओळी होत्या, सावकाश, मी कधी वाजवल्या नाहीत इतक्या सावकाश. तिसऱ्या ओळीत तो मध्येच एक सूरभर गप्प बसला आणि मग पुढे गेला. माझ्या पियानोची त्या सुराची पट्टी वर्षभर मुकी आहे.