बंद केलेलं मॉडेल

३ नोव्हेंबर
कोंढ्याहून परतताना जीप उकळली. मी थांबा थांबा म्हणेपर्यंत रस्त्यावरच्या उत्साही मंडळींनी गरम इंजिनात तळ्याचं गार पाणी ओतलं. वर सल्ले फुकट! कैलाश मिस्त्री म्हणाला, "मॅडम, इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला चीर पडली. खालचं सगळं ठणठणीत आहे."
खालचं ठणठणीत असणारच. पंचवीस वर्षं ही जीप हाकत मी जिल्ह्यातल्या शाळा तपासल्या.

५ नोव्हेंबर
शोरूममधला टाय लावलेला मुलगा: "ते मॉडेल कंपनीने बंद केलं. पार्ट येत नाहीत."
कंपनीने केलं! इंजिनाला कोणी विचारलं?
पुण्याहून धनंजयचा फोन. "आई, ठरलंय ना आपलं? जीप बंद पडली की इकडे यायचं."
मुलगा माझाच. शब्दात पकडतो.

६ नोव्हेंबर
नागपूरच्या भंगारबाजारातही हेड नाही.

९ नोव्हेंबर
कैलाशने एकोडीला नेलं. शकुनबाईच्या शेतावर. त्यांची माझ्याच मॉडेलची जीप केव्हाच गंजून संपली, पण इंजिन काढून लाकडी ठोकळ्यांवर बसवलंय. पट्ट्याने मळणीयंत्र फिरवतं. ना बॉनेट, ना चाकं — नुसतं इंजिन, वर हळदकुंकू, भोवती सोनेरी भुसा. आणि तोच आवाज! माझ्या जीपचा!
मी देवळातही घड्याळ बघणारी बाई. तिथे किती वेळ उभी होते, माहीत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगत, मुलींनी आवाज खाली ठेवावा. म्हणूनच मला हे इंजिन पहिल्यापासून आवडलं असावं.
"गाडी मेली जी, पण हे काही मरून नाही राहिलं," शकुनबाई. "एवढं धान चुरू द्या, मंग हेड खोलून न्या. पुढच्या साली ट्रॅक्टरवालं यंत्र भाड्यानं सांगीन. मले कायले लागते मंग?"
मी राहतेय भंडाऱ्यात!

१४ नोव्हेंबर
शकुनबाईच्या इंजिनाचा खालचा दांडा, क्रँक तुटला. अर्धं धान खळ्यावर उघडं, आभाळ भरलेलं. चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत दुसरं यंत्र कोणाकडे मोकळं असणार?
कैलाश खुशीत. "हेड तर शाबूत आहे, मॅडम. आजच आणतो. आपलं काम झालं!"
त्याला नको ते बोलले. मग जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर
सकाळी जीपपाशी गेले. बॉनेटवर हात ठेवला. कैलाशला म्हटलं, इंजिन उतरव. एकोडीला ने.
"तिकडून हेड आणायचं होतं ना?"
"खालचं माझं घे, वरचं तिचं. नीट बसव. आणि तोंड बंद कर, माशी जाईल."

१६ नोव्हेंबर
शकुनबाईचा फोन. तिने नुसता मोबाइल इंजिनापाशी धरला. धड... धड... आणि सुरू! दोन मोडक्यांचं एक!
मी इकडे स्वयंपाकघरात उभी. गॅसवर दूध उतू गेलं. जाऊ दे.

१७ नोव्हेंबर
धनंजयला सांगितलं, जीप संपली.
"मग कधी निघतेस, आई?"
"उद्या सकाळी. साकोलीच्या एसटीने. एकोडीला — धान चुरायचं राहिलंय."