शाळेच्या अंगणातली सामुद्रधुनी

शिरूर, १७ नोव्हेंबर १९५८
आज इथल्या मिशन शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो. खोली हवेशीर आहे, मुलं चौकस आहेत. पहिल्याच तासाला ठणकावून सांगितलं, नुसता नकाशा टांगून भूगोल शिकवणं ही तुमची फसवणूक आहे. मुलांनी बाकं बडवली. लगेच अंगणात चिकणमातीची सामुद्रधुनी करायला घेतली. दोन बेटं, मधे चार बोटं पाणी, आणि ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा. शिपाई हौसराव म्हणाले, "मास्तर, हितं घोडनदीत पाय भिजंना, आन् तुम्ही समुद्र आनलाय व्हय?"

२० नोव्हेंबर
ती बेटं खरी आहेत, हे कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या एकावर माझं भाषण होतं. ओहोटी आहे तोवर मी आणि माझी बायको हन्ना दांड्यावरून परतणार होतो. तिनं दोनदा खूण केली. मी बोलत राहिलो. निघालो तेव्हा निम्म्या वाटेवर भरतीनं गाठलं. मी पोहून निघालो. ती नाही.

२३ नोव्हेंबर
अंगणातलं पाणी सकाळी चढतं, दुपारी उतरतं. रोज पाऊण तास उशिरानं. हौसराव म्हणतात, त्यांनी सोमवारनंतर घागरही ओतलेली नाही. चाखलं. खारट आहे.

२४ नोव्हेंबर
दांड्यावर पावलं उमटली आहेत. बाजरीच्या दाण्याएवढी. बाईची. निम्म्यावर संपतात.

२५ नोव्हेंबर
आजही निम्म्यावरच. उद्या पौर्णिमा. सहाला दांडा पुरता उघडा पडेल. तेव्हा मातीचा बांध घालून भरती अडवायची, तिला अलीकडे पोचवायचंच. हेडमास्तर गिदोनसरांनी पाचला सभेत बोलायला सांगितलंय. दहा मिनिटं बोलेन, जास्त नाही.

२६ नोव्हेंबर
बोललो. लोक टाळ्या वाजवत होते, थांबता आलं नाही. परतताना हौसराव हसून म्हणाले, "बोलाया उभं ऱ्हायलं की तुमास्नी घड्याळ दिसतच न्हाई, मास्तर."

पावणेआठ. दांडा निम्मा बुडालाय. पावलं निम्म्यापर्यंत — पुढं पाणीच —

डावा हात पाण्यात घातला. चार बोटं पाणी होतं — खांद्यापर्यंत गेला — तळ लागत नाही.

खालून कुणाच्या तरी बोटांनी माझी बोटं धरली आहेत. ओढत नाहीत. थांबली आहेत नुसती.

हन्ना, येतो. एवढं एकच वाक्य पुरं —