आई, मी जहाज सोडणार नाही

प्रिय आई,

आज तुझा दहावा झाला आणि मामांनी मला फोनवर सांगितलं, की तू उपाशी गेलीस. माझ्यामुळे. त्यांना वाटलं असेल, पोरगी ओशाळली. तसं नाही. मला जे बोलायचं होतं ते मामांशी नव्हतंच. ते तुझ्याशी होतं. म्हणून दुपारची सुट्टी मिळाल्याबरोबर कागद घेऊन बसलेय.

आज जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही. सकाळपासून चारी बाजूंना नुसतं पाणी. पाहुण्यांना उतरून कुठे जाता येत नाही, मग ते दिवसभर काय करतात? खातात. न्याहारी झाली की पोहायच्या तलावाशेजारी आडवे पडतात, उठले की पुन्हा बशी घेऊन रांगेत. अशा दिवशी आमच्या बेकरीत मान वर करायला फुरसत नसते. शिरूरच्या डेपोसमोर तुझ्या खानावळीत लग्नसराईत व्हायचं ना, तसंच. फक्त इथं कुणी "ताई, रस्सा वाढा" म्हणत नाही.

त्या गडबडीत मी शेफकडे फोनसाठी वेळ मागायला गेले. तो फिलिपिनो. त्याला दहावा, पिंड, कावळा कसं समजावणार? म्हटलं, आईला जेवायला घालायचंय, फोनवरून. त्यानं माझ्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाला, जा.

संतोषदादानं मोबाइलचा स्पीकर लावला तेव्हा आधी घोडनदीवरचा वारा ऐकू आला. मग मामा. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. कावळे बाभळीवर बसलेले, खाली उतरेनात. दादानं हात जोडून सांगितलं होतं, आई, खानावळ बंद पडू देणार नाही. उतरेनात. मामांनी सांगितलं होतं, आक्का, दाजींना एकटं पडू देणार न्हाई. तरी नाही. मग सगळे मोबाइलकडे बघायला लागले.

"पोरी, तिचा जीव तुझ्यात अडकलाय," मामा म्हणाले. "म्हण, जहाज सोडते, घरी येते, लगीन करते. मोठ्यानं म्हण. मंग बघ कसा शिवतोय."

"मामा, मी सोडणार नाही."

"आगं, नुसतं म्हणाया काय जातंय? मागनं बघू की."

हे मात्र मला लागलं, आई. मागनं बघू? म्हणजे तुला थाप मारायची, तू पिंड खाऊन वाटेला लागायचं, आणि मग इथं आम्ही बघून घेणार? सकाळची आमटी उरली तर ती संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला वाढू न देणारी बाई तू. तुझ्या शेवटच्या पानात मी खोटं वाढू?

मी म्हटलं, "मामा, आई जन्मात कधी सकाळी जेवलीय का? शेवटचं गिऱ्हाईक उठल्याशिवाय तिनं ताट घेतलं नाही. तुम्ही सगळे आधी जेवून घ्या, मग ती जेवेल."

पलीकडे कुणीतरी हसलं, बायकांपैकी असावी. मामा हसले नाहीत. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, झालं. "माझी भन उपाशी घालवलीस," मामा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. तेवढ्यात त्यांच्या दाजींनी, आपल्या आप्पांनी, फोन घेतला. म्हणाले, "तुझ्या ड्युटीचा टाइम झाला असंल. जा, पाव करपतील."

मी गेले, आणि मैदा मळता मळता रडले. खूप रडले. पण जे बोलले ते मागं घेणार नाही.

आता लोक म्हणतील, आईच्या मातीलाही आली नाही. तू गेलीस त्या दिवशीही जहाज असंच मधोमध होतं. निरोप मिळाला तोवर तुला नेलंसुद्धा होतं. पुढच्या बंदरावरून विमानानं येता आलं असतं. नाही आले. का, ते तुला सांगते. एकदा घरात पाऊल टाकलं असतं, तर मामांनी पासपोर्ट कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली असती. तू असताना कुणाची छाती झाली नसती.

मामांना तरी दोष कसा देऊ? तू त्यांना कधी काही सांगितलंस? पहिल्यांदा जहाजाचा फोटो दाखवला तेव्हा तू पदराला हात पुसून तो कितीतरी वेळ बघितलास आणि विचारलंस, "येवढ्या मान्सांचं रांधतं कोण?" मी म्हटलं, मी. ते तू मला दोनदा म्हणायला लावलंस. आणि तोच फोटो नेऊन साड्यांखाली ठेवलास! कुणी विचारलं की, "पुण्याला हाटेलात हाय." मामांना जहाजाचं कळलं तेही बाहेरून. मला एकटीला फोनवर म्हणायचीस, "भिऊ नगं, करार पुरा करूनच ये." हे एकदा चारचौघांत म्हणाली असतीस, तर आज कावळ्याला विचारायची वेळ आली असती का?

कसली भीती होती तुला? पोर एकटी पाण्यावर राहते म्हणून लोक नावं ठेवतील? ती तर ठेवलीच. का तुलाही मनातून वाटत होतं, मी परत यावं? सकाळपासून हाच प्रश्न छळतोय. उत्तर द्यायला तू नाहीस, आणि कावळ्याचं उत्तर मी घेणार नाही.

म्हणून मी एक ठरवलंय. दिवाळीनंतर सुट्टीवर येईन, पासपोर्ट माझ्याच कनवटीला लावून. डेपोत, बाजारात, मामांच्या ओसरीवर, जो विचारेल त्याला सांगेन, मी जहाजावर आहे, पाव करते, आणि मला माझ्या आईनं पाठवलंय. हा शब्द तुला देते. तू चारचौघांत म्हणाली नाहीस ते मी तुझ्या नावानं जन्मभर म्हणणार.

ते खरं नसेल, तर ये आई, आणि सगळ्यांसमोर मला खोटी पाड. तेवढ्यासाठी तरी ये.

तुझी,
जहाजावरची सुरेखा