पपायरस प्रगतीपथावर

३ मार्च
ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर चालण्याच्या सरावासाठी दोन महिने मुक्काम रुग्णालयातच. तोवर तिचं पपायरसचं झाड आपल्याकडे. भाऊजींनी कापलेल्या एका तुऱ्यापासून वाढवलेलं. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली, हे मात्र पाण्याच्या टबात ताठ उभं. अकरा दांडे, प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या दोऱ्यांचा झुपका. ताईनं तीनदा बजावलं, पाण्यातच उभं ठेव, बाकी काही करू नकोस. म्हटलं, निर्धास्त राहा. पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं काढलीत, पाण्याचं मला सांगू नकोस.

४ मार्च, सकाळी ७
संकल्प: रोज झाडाला दहा मिनिटं. रोज ताईला फोन. वही नियमित.

७ मार्च
वही राहिली. टबात पाणी नुसतं साचलेलं. जगाला ‘पाणी जपून वापरा’ म्हणून पत्रं पाठवायची आणि घरात ही चैन! शिवाय डास. लेखात वाचलं, घरातली बहुतेक झाडं जास्त पाण्यानं मरतात. टब रिकामा केला. यापुढे आठवड्यातून दोनदा, एक कप. ही म्हणाली, ताईंनी पाण्यात ठेवा सांगितलंय ना? तिला समजावलं की माया वेगळी आणि शास्त्र वेगळं.

१२ मार्च
शेंडे तपकिरी. हवापालट, दुसरं काय. ताईचं ऑपरेशन परवा नीट झालं. फोनवर आवाज अगदी बारीक. पहिला प्रश्न झाडाचा. म्हटलं, नवा कोंब फुटलाय, बारा झाले. हे काही खोटं नव्हे, फुटणारच आहे. ऑफिसातही तक्रार आली की आधी ‘काम प्रगतीपथावर’ असा शेरा मारायचा, मग माणूस पाठवायचा. पद्धतच आहे.

१९ मार्च
चार दांडे माना टाकून. मांजरी हे गवत खातात असं वाचलं. शेजारणीची मांजर बाल्कनीत दिसल्यासारखी वाटली होती. शेजारणीला सौम्य शब्दांत सुनावलं. ताईला सांगितलं, पंधरा. नर्सनं फोन घेऊन सांगितलं की बाई आज पहिल्यांदा हसल्या. आता आकडा खाली कसा आणणार?

२० मार्च
शेजारीण येऊन सांगून गेली, मांजर महिनाभर तिच्या बहिणीकडे आहे. माफी मागायला हवी. उद्या.

२७ मार्च
माफी राहिली. एकच दांडा हिरवा.
ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ आले. तीन आठवडे नळ कोरडा. फाईल उघडून दाखवली, काम प्रगतीपथावर. ते म्हणाले, साहेब, फाईलला पाणी येतंय, नळाला कधी येणार? दुपारी डबा गेला नाही. तसाच घरी आलो आणि टब काठोकाठ भरला. मन खातंय. ताईला सांगितलं, सतरा.

२ एप्रिल
हिरवा दांडा जागेवर नाही. हिनं कापला म्हणे. कशाला, हे विचारायला मला तोंड कुठे आहे?

८ एप्रिल
स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लासात कसलंतरी गवत कुजत पडलंय. ओतून दिलं. हिनं ते उचलून पुन्हा पाण्यात ठेवलं. 

१४ एप्रिल
परत ओतलं, परत भरलं. असो.
बाल्कनीतलं झाड संपलं. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. भाऊजींची एकच गोष्ट जिवंत राहिली होती आणि ती मी मारली. शास्त्रानं नाही, मी. आज ताईला कबुली द्यायचीच. कागदावर मजकूरही काढला. फोन लावला. ती म्हणाली, आधी आकडा सांग, बाकीचं मग. तेवीस म्हणालो.

२२ एप्रिल
नर्सरी. माळी म्हणाला, पपायरस नाही, त्याच्याच कुळातलं अंब्रेला आहे. डोक्यावर दोरे नाहीत, रुंद पात्या आहेत. लांबून फरक कळत नाही. ताईच्या चष्म्याचा नंबरही वाढलाय. घेतलं. चौदा दांडे. उरलेल्या नवांचं बघू.

२ मे, सकाळी ९
ताई झाड न्यायला येणार. संकल्प: खरं सांगणे, चहाच्या आधी.

सकाळी ११
चहाच्या नंतर.

संध्याकाळी ६
ताई काठी टेकत आली, पण जिना स्वतः चढली. मी कौतुक केलं, तर म्हणाली, ही तुझ्या कोंबांची कृपा. तिथं पाय टाकायला सांगितलं की तिला रडू यायचं. मग तिनं ठरवलं, जेवढे दांडे तेवढी पावलं. बारा सांगितले त्या दिवशी बारा. तेवीसला व्हरांडा संपला.
मग बाल्कनीत गेली. पात्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, हे त्यांचं नाही.
सगळं सांगितलं. मांजरीचंसुद्धा. ती भिंतीला धरून खुर्चीत बसली. मी रडलो. वही माझीच आहे, लिहायला हरकत नाही.
तेवढ्यात हिनं खिडकीतला तो ग्लास आणून ताईच्या हातात दिला. शेवटचा हिरवा तुरा कापून पाण्यात उलटा बुडवला होता, भाऊजी करायचे तस्सा. खाली पांढरी मुळं, वर दोन कोंब. हे मी दोनदा ओतून दिलं होतं.
ताई बराच वेळ ग्लास मांडीवर घेऊन बसली. निघताना जिन्यात मी म्हटलं, दे, मी धरतो. तिनं काठी माझ्याकडे दिली. ग्लास नाही.

३ मे
शेजारणीची माफी मागितली. मांजर परत आली आहे. मांजरीनं माझ्याकडे पाठ फिरवली.

९ मे
ताईचा फोन. आता रोज ती करणार म्हणाली. दोनाचे नऊ कोंब झालेत. एका आठवड्यात नऊ? खरंच का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, वा.