मी कंप्युटरशी बोलत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
जिन्याखालच्या कंप्युटरवर इंग्रजी चौकट आली. नातीने, अपेक्षाने, वाचून दाखवली. चौदा दिवस उरले, म्हणे. मी म्हटलं, कोणाचे? ती हसली नाही.
लायसन्स संपतंय. माझ्या मुलाने, सूरजने, हा प्रोग्राम ऑफिसच्या टूलमध्ये केला होता. टाकी भरली की मोटर बंद होते आणि सूरजचा आवाज येतो, आई, टाकी भरली. सूरज जाऊन दीड वर्ष झालं. ऑफिसने आता त्याचं खातं बंद केलं. सतरा तारखेला दुपारी बाराला यंत्र मुकं.
मला आवाजाचं काही नाही. पण दहाव्याला कावळा शिवत नव्हता. तासभर उन्हात उभे. गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी म्हटलं, तुझं यंत्र बंद पडू देणार नाही. लगेच शिवला. कावळ्याला शब्द दिलाय. बाकी काही नाही.

५ मार्च, बुधवार
अपेक्षा ओपन सोर्समध्ये सगळं नव्याने लिहिणार. फुकट असतं. आतलं उघडं, कोणीही वाचा, कोणीही दुरुस्त करा. म्हटलं, म्हणजे हडपसर गाव होतं तेव्हाची सगळ्यांची विहीर. पाणी सगळे नेणार, गाळ कोण काढणार? ती म्हणाली, आजी, तेच तर! जगभरचे लोक बसून गाळच काढतात. पगार? नाही. मग वेडेच की, म्हटलं. सून शालू कणीक मळता मळता म्हणाली, हे पण रविवारी तेच करत बसायचे.
मला कोणी सांगितलं नव्हतं.
परवानगी दिली. शाळा चौथीपर्यंत, पण विहिरीतलं कळतं मला.

८ मार्च, शनिवार
नवा प्रोग्राम तयार. मोटर नीट बंद करतो. आवाज मात्र जुन्याच्या पोटात कुलूपबंद, काढता येत नाही. अपेक्षा म्हणाली, जुना चालू आहे तोवर मोबाईलवर रेकॉर्ड करू. सोपं आहे. फक्त मध्ये कोणी बोलायचं नाही. हे माझ्याकडे बघून का म्हणाली कळलं नाही. मी कंप्युटरशी बोलत नाही.

९ मार्च, रविवार. सकाळी ६.३०
रेकॉर्ड झालं. ऐकलं. आई, टाकी भरली. त्यावर कोणी म्हातारी ओरडते, आले रे, आले, काय घाई आहे!
म्हटलं, ही कोण? मायलेकी एकमेकींकडे बघत बसल्या. मग अपेक्षा म्हणाली, आजी, तू रोज म्हणतेस. सगळ्या भाडेकरूंना माहीत आहे.
भाडेकरूंना कामं नाहीत.

११ मार्च, मंगळवार
निश्चय. तोंडात पदर. अपेक्षाने टाकीतला फ्लोट, तो तरंगता गोळा, हाताने उचलून त्याला तीनदा बोलायला लावलं. तीनदा पदर सुटला. तिसऱ्या वेळी मी जेवलास का, असं विचारलं म्हणे. मोबाईल खोटं बोलतो.

१३ मार्च, गुरुवार. होळी
मला मागच्या बाजूला राहणाऱ्या भाडेकरणीच्या, कांताबाईच्या खोलीत कोंडलं. तरी रेकॉर्डिंगमध्ये भिंतीपलीकडून मी आहेच. कांताबाई म्हणाली, मावशी, अंगात येतं का हो तुमच्या? म्हटलं, आधी तुझ्या छताची जळमटं काढ.
एक भलतंच झालं. फ्लोट एकदा उचलला आणि तो दोनदा बोलला. अपेक्षा म्हणते, वायर सैल आहे. असेल. यंत्रापाशी पुरणपोळी ठेवली आहे ती उंदरासाठी.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ८
शेवटचा दिवस. अपेक्षाची कर्वेनगरला परीक्षा. म्हटलं, जा, मी एकटी करते. तिने मोबाईलवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं. नक्की व्हावं म्हणून मी दोनदा दाबलं. शालूलाही वर पाठवलं.
पाणी चढलं. आई, टाकी भरली. मी गप्प. जीभ दाताखाली. दीड वर्षात पहिल्यांदा धड ऐकलं. बोलून झाल्यावर तो थांबतो. श्वास ऐकू येतो. कोणी काही म्हणेल म्हणून थांबल्यासारखा. मग खट्.
जिंकले.

त्याच दिवशी, दुपारी ३
मोबाईलमध्ये काही नाही. पहिल्यांदा दाबलं की चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. बारा वाजून गेलेले. चौकट लाल. अपेक्षा रडली. मी तिला म्हटलं, बटणच चुकीचं बनवलंय.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ७
नवा प्रोग्राम लावला. त्या पहिल्या रविवारचंच रेकॉर्डिंग घातलं. अपेक्षाने मला त्यातून काढून बघितलं, तर त्याचे शब्दही जायला लागले. म्हटलं, राहू दे.
टाकी भरली. तो म्हणाला, आई, टाकी भरली. मी म्हणाले, आले रे, आले, काय घाई आहे! यंत्रातून म्हणाले. इकडे खुर्चीत मी तोंड उघडलं होतं, पण बोलायचं काही उरलं नव्हतं.
कांताबाई बादली घेऊन चालली होती. म्हणाली, मावशी, भारीच की! आता तुम्ही नसलात तरी चालतंय.