पाकिटातला मासा

प्रिय दादा,

तुझ्या कारखान्याला सील लागल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. बिचारी रडत होती. मी तिला धीर दिला. मला बरं वाटलं, हे तिला बोलले नाही, तुला सांगते.

बाबा गेले त्या दुपारी माझ्याकडे त्यांनी तुझीच फिश कटलेट खाल्ली होती. लेकाच्या कारखान्यातली म्हणून अगदी मिटक्या मारत. थोड्या वेळानं म्हणाले, "ओठ बधिर झालेत गं." मग जीभ जड झाली, मग श्वास अडकायला लागला. हॉस्पिटलात तू धावत आलास आणि आधी विचारलंस, "पाकीट कुठंय?" बाबांचं नंतर विचारलंस. फेकलं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ते माझ्या फ्रीझरमध्ये मटारांखाली होतं.

पुढे तू नातेवाइकांत पसरवलंस, की हिनं शिळं खायला घातलं. काकूनं माझ्या घरी पाणी प्यायचं सोडलं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. तू तिच्या शेजारी बसून नुसता उसासे टाकायचास.

मी उरलेली कटलेट अन्नतपासणी खात्याला नेऊन दिली. तिथल्या बाईंनी समजावलं, की मासा दळून, मसाला लावून तळला की डोळ्यांना ओळखू येत नाही; पण त्याच्या डीएनएचे तुकडे टिकतात आणि ते ठाऊक असलेल्या माशांशी ताडून बघता येतात. पाकिटावर सुरमई छापली होती. आत सुरमई औषधालाही नव्हती. होता केंड, अंग फुगवणारा विषारी मासा. त्याचं विष शिजवूनही जात नाही. मग त्यांनी दुकानांतून तुझी आणखी पाकिटं उचलली. त्यांतही केंडच निघाला.

तरी मी मनाची समजूत घालत होते, की दादालाच कुणीतरी फसवलं असेल. मग एकदा वहिनी सहज बोलून गेली, "आमच्या घरात ती पाकिटं येत नाहीत. मुलांना अजिबात द्यायची नाहीत, असं ह्यांनी बजावलंय." बाबांना बजावायचं तेवढं तुझं राहून गेलं.

चुगली केल्याच्या संशयावरून तू तुझ्या सुपरवायझरला काढून टाकलंस म्हणे. त्याची माफी माग. तक्रारीवर सही माझी आहे. तपासणीच्या अहवालाची प्रत सोबत ठेवलीय. आईला अजून यातलं काही माहीत नाही. रविवारी मी येतेय. तो अहवाल तू तिला माझ्यासमोर वाचून दाखवायचास. तू वाचत असताना मी आईकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघणार आहे.

तुझीच,
धाकटी