ब्याण्णवचा आकडा आणि एलिशेबाचं सरबत

ती. सौ. याएलताईस,

निसीमचा शालोम. गुडघा कसा आहे? भावजी पथ्य पाळतात की अजून चोरून लोणचं खातात? इकडे पनवेलला आम्ही खुशाल. नोकरी वाचली, म्हणून हसत लिहितोय.

झालं असं. गव्हाणच्या यार्डात क्रेनवर चढण्याआधी आम्हाला रोज दारू तपासायच्या यंत्रात फुंकावं लागतं. आकडा शून्यच हवा, नाहीतर निलंबन. मला कसली भीती? शुक्रवारी किद्दुशच्या प्रार्थनेलासुद्धा वाइनऐवजी आपलं मनुकांचं सरबत. पण सोमवारी न्याहारीला लसणीची चटणी जरा जास्तच झाली होती आणि यंत्र घेऊन नेमक्या आमच्या सेफ्टीच्या अरुंधती मॅडम उभ्या. बाईमाणसासमोर लसूण कशी फुंकायची? (आईचे संस्कार.) म्हणून तोंडाच्या वासावर तू पाठवलेल्या त्या निळ्या औषधाने गेटच्या नळावर खळखळून चूळ भरली आणि फुंकलं. ब्याण्णव!

धर्मराज (आमचा फोर्कलिफ्टवाला, या विषयात मुरलेला) सांगायला लागला, तिशीला माणूस मोकळं बोलतो, साठीला इंग्रजी बोलतो, नव्वदीला रडतो. मी खरंच रडत होतो, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. त्यात माझी अक्कल गेली चरायला. सगळ्यांदेखत एलिशेबाला फोन लावून विचारलं, "तुझं सरबत आंबलं होतं का गं?" अख्खं सिनेगॉग तिच्या हातचं सरबत पितं, ताई. ती एवढंच म्हणाली, "घरी या."

मॅडम मात्र शांत. म्हणाल्या, तोंडात ताजं काही असलं की यंत्राला ते रक्तातलंच वाटतं, साध्या पाण्याने चुळा भरा, वीस मिनिटं बसा. बसलो. (धर्मराजने लिंबू चोखायला दिलं, ते मॅडमनी काढून घेतलं.) पुन्हा फुंकलं, शून्य! मग त्यांनी तुझ्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. निम्मं दारूचंच सामान. काय सांगू, जीव भांड्यात पडला. त्या दिवशी क्रेनवरून उलव्याच्या इमारतीसुद्धा गोड दिसल्या.

भावजींना शालोम, पोरांचे गालगुच्चे घे.

तुझा,
निसीम

ता. क. एलिशेबा अजून धड बोलत नाही. शुक्रवारी माझ्यापुढे वाटीभर कोरड्या मनुका ठेवल्या. बाटलीचं सांगितलं तर म्हणते, वन्संवर ढकलू नका. तेवढा तूच फोन कर. त्यासाठीच हे पत्र.

ता. क. वन्सं, पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. बाटलीचं मला सोमवारीच कळलंय, अरुंधती मॅडमनी फोन केला होता. पण तुम्ही एवढ्यात फोन करू नका. घर कसं शांत आहे. – एलिशेबा